कागदाला चार भोकं

८ जुलै २०२४, सोमवार

आज रुजू झाले. तासिका तत्त्वावर, म्हणजे मार्चमध्ये पुन्हा घरी. तरी नेमणुकीच्या पत्रावर माझ्या नावाआधी 'प्रा.' आहे. बाबांनी ते पत्र संध्याकाळपर्यंत चार वेळा मागितलं. शेवटी आई म्हणाली, "हात धुऊन तरी धरा, सिमेंट लागते त्याले."

भौतिकशास्त्राचे तास तर आहेतच, पण प्राचार्यांनी टेकडीवरच्या वेधशाळेचं कामही माझ्याकडे दिलं. मी सातवीत असताना शाळेच्या सहलीत तिथे आले होते. तेव्हा शनीची कडी पाहिली होती आणि आमच्या गावी उंद्रीला परतेपर्यंत कोणाशी बोलले नव्हते. मी विज्ञान घेतलं ते त्या संध्याकाळमुळे.

वेधशाळा विद्यापीठाच्या मालकीची, सांभाळ आमच्या कॉलेजकडे. गोल खोली, वर पत्र्याचा घुमट. १९६१ साली गावातल्या धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या कारागिराने तो ठोकला. अजून दोरी ओढून फिरवावा लागतो. तिथले शिपाई कडूबाकाका चौतीस वर्षं तो फिरवत आहेत. मला पाहून म्हणाले, "बाई, मोठ्या सायबायची बदली झाली की नवीन माणूस येते अन् पयले घुमटाले तेल द्या म्हनते. तुमी बी म्हनून घ्या."

मी म्हटलं, "तेल द्या."

"देल्लं. आता चहा घ्या."

१० जुलै, बुधवार

रोजचं काम पाहिलं. सकाळी दहा वाजता दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा मागच्या लाकडी फळीवर पाडायची. फळीवर चार टाचण्यांनी कागद लावलेला, त्यावर सहा इंची वर्तुळ. प्रतिमा वर्तुळात बसली की सूर्यावरचे डाग पेन्सिलीने गिरवायचे. काकांचा हात थरथरत नाही. सहावी नापास माणूस, पण डागाभोवतीची फिकी कडा ते ज्या हलक्या हाताने काढतात, ती माझ्या एमएस्सीच्या वर्गात कोणालाच जमली नसती.

कपाटात १९६१पासूनचे कागद आहेत. एक दिवसही रिकामा नाही. अशी नोंद देशात फार थोड्या ठिकाणी असेल. आणि कोणाला तिची कल्पनाही नाही!

दानपत्राची प्रतही सापडली. टेकडी आमच्या संस्थेला दिली नारायणराव नावाच्या गावच्या जमीनदाराने. त्यातलं एक वाक्य इतकं आवडलं की उतरवून घेतलं: 'सूर्याचा रोजचा वेध खरेपणाने चालू असेपावेतो या टेकडीचा अन्य उपयोग कोणी करू नये.' खरेपणाने! काय माणूस असेल.

२२ जुलै, सोमवार

संस्थेचे सचिव शालिग्रामसाहेब स्वतः टेकडीवर आले. एवढा मोठा माणूस, पण मला 'ताई' म्हणाले. मी त्यांना माझी योजना सांगितली: सगळ्या कागदांचे फोटो काढून संगणकावर यादी करायची, दुर्बिणीला कॅमेरा बसवायचा, आसपासच्या शाळांना दर शनिवारी बोलवायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्येच विचारलं, "रोजची नोंद कोण करतं? तो कडूबाच ना? तपासतं कोण?"

मी म्हटलं, "सध्या कोणीच नाही."

"तेच तर," ते म्हणाले. "तुमच्यासारखी शिकलेली, सरळ मुलगी इथे फार आधी यायला हवी होती."

त्यांच्यासोबत आलेली दोन माणसं फीत लावून टेकडी मोजत होती. कुंपणाची भिंत करायची असेल. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी लक्ष घालत आहे.

१५ ऑगस्ट, गुरुवार

या गावात स्वातंत्र्यदिनाला एक रीत आहे. झेंडावंदन झालं की लोक हातात जिलेबीचा कागद घेऊन टेकडी चढतात आणि 'आजचा सूर्य' पाहतात. हे नारायणरावांनी सुरू केलं म्हणतात. आज दीडशे तरी माणसं होती. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, पोरंसोरं, ग्रामपंचायतीचे सदस्य.

आणि आभाळ गच्च भरलेलं. सूर्य कुठे आहे तेही कळेना.

मी लोकांना सांगायला निघाले की आज काही दिसणार नाही. तेवढ्यात कडूबाकाका मागच्या खोलीतून एक कागद घेऊन बाहेर आले. वर्तुळ, त्यात नऊ डाग, नीट काढलेले. कागद हातात उंच धरून म्हणाले, "हा आजचा सूर्य! रांगेनं या. जिलेबीचा हात लावू नका कोनी!"

लोकांनी पाहिला. म्हाताऱ्यांनी कागदाला हात जोडले. एक जण म्हणाला, "औंदा डाग लय आले बे, कडूबा." "इलेक्शनचं साल हाये," काका म्हणाले, आणि सगळे हसले.

मी हसले नाही. मी दरवाज्यात उभी होते आणि माझे कान तापले होते. सूर्य दिसलाच नाही, तर हे नऊ डाग कुठून आले? चौतीस वर्षं 'एक दिवसही रिकामा नाही' तो असा?

खाली उतरताना साहेब भेटले. "कसा झाला कार्यक्रम, ताई?" मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. ते हळू आवाजात म्हणाले, "हे फार गंभीर आहे. कोणाशी बोलू नका. मागचे कागदही तपासा आणि लिहून काढा. सत्य बाहेर यायलाच हवं."

१६ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी काका चहा घेऊन आले. "बाई, कालच्या कागदाचं सांगाचं राह्यलं—"

"काका, मला तास आहे," मी म्हटलं.

तास अकराला होता. पण त्यांनी काही सबब सांगितली असती, मला दया आली असती, आणि मग तपासणी निष्पक्ष राहिली नसती. शास्त्रात असंच असतं. आधी पुरावा.

८ सप्टेंबर, रविवार

तीन आठवडे झाले, रोज दोन तास. शेवटच्या तीन वर्षांचे एक हजार शहाण्णव कागद. प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढते आणि त्या दिवसाचा पाऊस व उपग्रहाचं ढगांचं चित्र यांच्याशी ताडून पाहते. बऱ्याच दिवशी सूर्य दिसणं शक्यच नव्हतं. तरी कागद आहे, डाग आहेत.

काही कागदांच्या मागे पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलेलं आहे. 'दोन सूत', 'अर्धा सूत मागे', असं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, बाबा गवंडीकामात रोज म्हणतात. काका टेबल नाहीतर चौकट करून घेत असतील. मागच्या बाजूचे फोटो काढले नाहीत.

काका आता माझ्या खोलीत थांबत नाहीत. चहा ठेवून जातात.

२९ सप्टेंबर, रविवार

मोजणी पूर्ण. दोनशे चौदा कागद अशक्य दिवसांचे.

अश्वजितला दाखवलं. माझा धाकटा भाऊ, चिखलीला त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याने सगळं नीट वाचलं आणि विचारलं, "त्या मानसाले इचारलं का?"

"विचारून काय होणार? कागद समोर आहेत."

"अन् सचिवाले काऊन एवढी घाई? तीस वर्सं तो टेकडीवर फिरकला बी नाही."

"तू सगळ्यांवरच संशय घेतोस."

"माह्या दुकानात लोकं आधार घेऊन येतात, ताई. सहीसाठी कोन कोनाले पुढं करते, थे मी रोज पाह्यतो."

मला राग आला. त्याला बारावीनंतर शिकायचं नव्हतं म्हणून तो असा बोलतो. सगळेच असं म्हणाले तर कोणी काही लिहिणारच नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

अहवाल दिला. साहेबांनी माझ्यासमोर वाचला आणि म्हणाले, "उत्तम. भाषा थोडी सरकारी करावी लागेल, ती आमचा कारकून करेल." संध्याकाळी टंकलेली प्रत सहीला आली. मी लिहिलं होतं, 'तपासलेल्या कागदांपैकी दोनशे चौदा कागद प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारित नसावेत.' तिथे झालं आहे: 'तपासणीअंती नोंदी प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारित नसल्याचे दिसून येते.'

मी म्हटलं, "सर, आकडा गेला."

"आकडा परिशिष्टात येतो, ताई. मुख्य पानावर निष्कर्ष असतो. विद्यापीठाची पद्धत आहे ती." मग पेन माझ्यापुढे करून म्हणाले, "जूनमध्ये विभागात पूर्णवेळ जागा निघते आहे. संस्थेला अशीच माणसं हवीत."

मी सही केली. इथे खरं लिहायचं म्हणून लिहिते: पूर्णवेळ जागेचं ऐकून मला आनंद झाला. पण सही मी त्यासाठी केली नाही. केली नसावी.

परिशिष्ट दाखवा म्हणायला विसरले.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळी आणि निवडणुकीची ड्युटी यात दीड महिना गेला. आज चौकशी झाली. दहा मिनिटांत. काकांना निलंबित केलं. निवृत्तीला सहा महिने उरले होते. वेधशाळेला कुलूप लागलं, 'तात्पुरतं' असं नोटिशीत आहे. कॅमेऱ्याच्या प्रस्तावाबद्दल विचारलं, तर प्राचार्य म्हणाले, "आधी हे निस्तरू द्या."

काका कार्यालयातून बाहेर आले तेव्हा मी व्हरांड्यात होते. मला वाटलं, शिवी देतील. त्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या, माझ्या हातात दिल्या, आणि म्हणाले, "मॅडम, घुमट पश्चिमेकडं तोंड करून ठुला हाये. पानी आत येत नाही तसा."

याआधी ते मला मॅडम म्हणत नव्हते.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आज दहा वाजता आभाळ निरभ्र होतं. सूर्य कोणी काढला नाही. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा.

पण त्याआधी तरी कुठे नीट काढला जात होता? असं मी दिवसभर स्वतःला सांगत राहिले.

१६ डिसेंबर, सोमवार

स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबतं. आज दारातून ऐकू आलं ते एवढंच: "सायबाचं डोकं पाहा ना. कडूबाच्या भावकीनं आवाज केला तर खापर त्या पोरीवर. तिच्या वस्तीनं केला तर कडूबावर. साहेब दोन्हीकडून कोरडे."

घरी आईला सांगितलं. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, बायका तिच्याशी बोलतात. म्हणाली, "गावात म्हनून राह्यले, शिकली तशी मानूस गिळाले लागली. मी म्हटलं, माही पोरगी खोटं लिहीत नाही." मग पीठ मळता मळता थांबून, "नाही ना लिहिलं?"

"नाही," मी म्हटलं.

१९ जानेवारी २०२५, रविवार

अश्वजित दुपारी अचानक घरी आला. मोबाईलवर एक नकाशा दाखवला. त्याच्या दुकानात मोठ्या कागदावर छापायला आला होता. आमची टेकडी. वर जाणारा रुंद रस्ता, मोटारी लावायला जागा, दोन हिरवळी, आणि घुमट आहे तिथे 'वधूकक्ष'.

"लग्नाचा लॉन," तो म्हणाला. "शालिग्रामच्या जावयाचा. तारीख पाह्य कोपऱ्यात."

तारीख जूनची होती. मी रुजू व्हायच्या आधीची.

मी नकाशा पुन्हा पुन्हा मोठा करून पाहिला. मला दानपत्रातलं वाक्य आठवलं, आणि पहिल्यांदाच ते एका अटीसारखं ऐकू आलं. वेध खरेपणाने चालू असेपावेतो. तो चालू नाही असं कोणीतरी लिहून द्यायला हवं होतं. कोणीतरी शिकलेलं, सरळ.

अश्वजित 'मी सांगतलं होतं' असं म्हणाला नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

३ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांना भेटले. बोलायचं ठरवलं ते अर्धंच बोलता आलं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाले, "लॉनच्या उत्पन्नातूनच तर नवी वेधशाळा उभी राहील, ताई. खोट्या कागदांवर उभी असलेली जुनी काय कामाची? हे तर तुम्हीच सिद्ध केलंत."

'खोट्या कागदांवर' हे तर खरंच आहे. त्यांचा हेतू वाईट असेल, पण मी लिहिलं ते खोटं नाही. हे एवढंच माझ्याजवळ आहे, आणि ते मी घट्ट धरून आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

राष्ट्रीय विज्ञान दिन. माझा सत्कार.

नाही म्हणणार होते. पण पत्र सरळ घरी गेलं होतं, 'पालकांसह उपस्थित राहावे' असं लिहिलेलं. बाबांनी कामावर खाडा केला. पांढरा शर्ट इस्त्रीचा. कॉलेजच्या सभागृहात ते पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. एरवी ते तिथे गिलावा करायला गेले आहेत. साहेबांनी भाषणात सांगितलं, "या मुलीने आपल्याच संस्थेतला खोटेपणा उघड करण्याचं धैर्य दाखवलं." शाल, श्रीफळ. टाळ्या वाजल्या तेव्हा बाबा उभे राहिले. एकटेच उभे राहिले, आणि मग लाजून बसले.

मी शाल अंगावर घेतली. काय करणार होते? त्यांच्या डोळ्यांसमोर ती काढून टाकणार होते?

बाहेर कडूबाकाका होते. कार्यालयात कसल्याशा सहीसाठी त्यांना बोलावलं होतं. बाबांना पाहून म्हणाले, "जयभीम, भाऊराव."

"राम राम, कडूबाभाऊ." बाबा त्यांना ओळखतात. घुमटाखालच्या भिंतीचा गिलावा बाबांचा आहे. बाबांना वाद ठाऊक आहे, पण त्यांना वाटतं की दोन्ही बाजूंची माणसं चांगलीच असतात. म्हणाले, "पोरीच्या हातून झालं काही कमीजास्त, तर मनात ठेवू नका."

"नाही ठेवत," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "एकच सांगा, मॅडम. भोकं पाह्यली होती का?"

"कसली भोकं?"

"मंग बराबर," ते म्हणाले आणि निघून गेले.

१ मार्च, शनिवार

फोटो काढायला घरी आणलेले चाळीस कागद माझ्या पेटीत राहून गेले होते. सकाळी खिडकीशी धरले.

निरभ्र दिवसाच्या कागदाला चार कोपऱ्यांत चार भोकं. टाचण्यांची. फळीला लावून सूर्याखाली काढला, म्हणून. ढगाळ दिवसाच्या कागदाला एकही भोक नाही. टेबलावर काढला, म्हणून. चाळीसपैकी सात बिनभोकांचे. मी ज्यांना अशक्य ठरवलं, तेच सात. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

मग उलटून पाहिले. सातही कागदांच्या मागे काकांचं अक्षर. 'अंदाज. दुसऱ्या दिशी पाह्यला. दोन सूत मागे.' 'अंदाज. चार दिवस सूर्य नाही. मोठा डाग बराबर. लहान चुकला.' 'अंदाज. अर्धा सूत.'

सूर्य स्वतःभोवती फिरतो, डाग रोज ठरावीक अंतर सरकतात. आदल्या दिवसावरून आजचा डाग कुठे असेल ते सांगता येतं. मी हे वर्गात शिकवते. काका ते करत होते, आणि आभाळ उघडलं की आपली चूक मोजून मागे लिहून ठेवत होते. मी एक हजार शहाण्णव कागद पाहिले. मागचं लिहिलेलं दिसलंही होतं, आणि ते अर्धवट वाचून सोडून दिलं.

५ मार्च, बुधवार

तीन दिवस बसून दुसरा अहवाल लिहिला. सहा पानं. भोकं, मागचे शेरे, अंदाजाची पद्धत, आणि अंदाज सरासरी किती चुकले. फार थोडे चुकले आहेत. शेवटी लिहिलं: 'पहिला अहवाल माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीचा आहे. मी प्रत्यक्ष निरीक्षकास एकही प्रश्न विचारला नाही.' हे वाक्य लिहायला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

एक प्रत थेट विद्यापीठाला पाठवणार. जूनची जागा गेली तर गेली.

९ मार्च, रविवार

पाठवायच्या आधी काकांना दाखवावा म्हणून त्यांच्या घरी गेले. पाठवल्यावर सांगण्यापेक्षा आधी विचारावं, एवढं आता शिकले आहे.

त्यांच्या पत्नी पुष्पाबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. उठल्या नाहीत. "ह्याच का त्या?" आत पाहून एवढंच विचारलं.

"हाव. पानी दे त्यायले."

मी अहवाल वाचून दाखवला. काका डोळे मिटून ऐकत होते. 'निरीक्षकाचे अंदाज शास्त्रीयदृष्ट्या मोलाचे आहेत' हे आलं तेव्हा त्यांच्या ओठांवर काहीतरी हललं. वाचून झाल्यावर म्हणाले, "चंद्रशेखर सरांनी शिकवलं होतं. आधीचे विभागप्रमुख, वारले आता. म्हनत, कडूबा, सूर्य ढगाआड गेला म्हनून संपत नाही. अंदाज लाव. पन अंदाजाचा कागद फळीले लावाचा नाही. फळी पाह्यलेल्या सूर्याची."

"मी हे उद्याच पाठवते, काका."

"पाठवू नका."

मला वाटलं, ते रागावले आहेत.

"तुमच्या सत्काराच्या दिशी कायची सही घेतली, ठाऊक हाये? माफीनामा. 'चौतीस वर्सं मी सूर्य न पाहता कागद भरले, माह्यी चूक झाली.' सही करसान तर निलंबन मागं घेतो, मे महिन्यात सन्मानानं रिटायर करतो, पेन्शन चालू. नाही तर चौकशी चालू राहीन, पेन्शन अडकन. मी सही देल्ली."

"पण ते खोटं आहे!"

"मले माहीत नाही का?"

पुष्पाबाईंचं सूप थांबलं होतं. "आता तुमचा हा कागद गेला," त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या, "तर हे माफीनाम्यात खोटं बोलले असं होईन. मंग काय करतीन थे लोकं? पयल्या कागदानं नोकरी खाल्ली. दुसरा पेन्शन खाईन."

मी म्हटलं, आपण दोघं मिळून सांगू, वकील बघू, वर्तमानपत्रात देऊ. बोलता बोलता माझं मलाच ऐकू येत होतं की मी पुन्हा त्यांना न विचारता ठरवते आहे. अहवालाची घडी घातली.

काका दारापर्यंत आले. "चार महिने तुमाले रोज चहा देल्ला, बाई," ते म्हणाले. "तुमी मले एक डाव इचारलं काऊन नाही?"

माझ्याजवळ उत्तर होतं. तो सहावी नापास आहे आणि मी एमएस्सी, हे उत्तर. ते तोंडातून निघालं नाही. इथेही मोठ्या मुश्किलीने लिहिते आहे.

११ मार्च, मंगळवार

विद्यापीठाच्या पत्त्याचं पाकीट दोन दिवस पर्समध्ये आहे. काल पोस्टापर्यंत गेले आणि परत आले. आजही.

ऑक्टोबरमध्ये खरं सांगणं किती सोपं होतं. तेव्हा ते खरं नव्हतं, एवढाच फरक.

टेकडीवर जेसीबी लागला आहे. कॉलेजच्या व्हरांड्यातून दिसतो.

१२ मार्च, बुधवार

बीएस्सी दुसरं वर्ष. आज धडा सूर्याचा. डाग, ते का सरकतात, किती दिवसांत सूर्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात. फळ्यावर वर्तुळ काढलं. वर्ग शांत होता. उन्हाळा आहे, पंखा बंद, सगळ्यांचे चेहरे घामेजलेले.

मयुरीने हात वर केला. वडनेर भोलजीची आहे, वसतिगृहात राहते, वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारते. आमच्या घरासारखंच तिचं घर, तीही घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. म्हणाली, "मॅडम, आपल्या टेकडीवरचे डागांचे कागद होते ना, चौसष्ट वर्षांचे. मी लहानपणी पाहिले होते. खरंच सगळे खोटे होते का?"

सगळा वर्ग वर बघायला लागला. मागच्या बाकावरच्या एकाने मोबाईल खाली ठेवला.

पाकीट पर्समध्ये होतं, पर्स टेबलावर. मला काकांचा चौतीस वर्षांचा हात दिसला, आणि सूप थांबवून बघणारी बाई दिसली. त्यांच्या निवृत्तीला अजून अडीच महिने आहेत.

"हो," मी म्हटलं. "अहवालात तसं सिद्ध झालं आहे."

मयुरीने मान खाली घातली आणि वहीत लिहून घेतलं. तिचं पाहून बाकीच्यांनीही लिहून घेतलं.